"जाते मी" असं मी कुणाला म्हणाले

आमची ख्रिस्ती मंडळी नारपोलीत एका हॉलमध्ये उपासनेला जमते. खाली आणि शेजारी लूमचे, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांचे कारखाने. लूमची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारच्या उपासनेला खटखट चालूच असते. पाळकसाहेब घसा ताणून बोलतात आणि आम्ही त्यांच्या ओठांकडे बघून निम्मं समजून घेतो. त्याचा एक फायदा आहे. आपली प्रार्थना तोंडाने पुटपुटली तरी शेजारी बसलेल्या बाईलाही ऐकू जात नाही. मला तीच सवय लागली.

त्या रविवारी माझ्या डोक्यात नागपूर होतं. मी वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. कंपनी नागपूरला नवं गोडाऊन उघडत होती आणि तिथे इन्चार्ज म्हणून जाल का, असं साहेबांनी मला विचारलं होतं. नवरा म्हणाला होता, तू ठरव, मोबाइल रिपेअरिंग काय, मी कुठेही करीन. मी आठवडाभर ठरवतच होते. पुढे पाळकसाहेब काहीतरी सांगत होते, माझं लक्ष नव्हतं. डोळे मिटून मी देवाशी बोलत होते. सगळं सांगून झालं आणि शेवटी मनाचा हिय्या करून म्हणाले, "ठीक आहे. जाते मी."

नेमकी तेव्हाच लाइट गेली. सगळे लूम एकदम थांबले आणि माझे शब्द हॉलभर ऐकू गेले.

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "प्रभूची स्तुती असो. कधीपासून विचारतोय, कोणी पुढे येत नव्हतं."

ते काय विचारत होते, हे मला शेजारच्या बाईने कानात सांगितलं. आमच्या संडे स्कूलच्या जुन्या बाई खारबावला एकट्या राहतात. त्यांचा एकुलता एक मुलगा अपघातात गेला, तेव्हा भेटायला गेलेल्या प्रत्येकाने त्यांना देवाची योजना समजावून सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांना सांगितलं की परत येऊ नका. त्याला बरीच वर्षं झाली. आता त्यांची एक बाजू लुळी पडली होती. पाळकसाहेब स्वतः गेले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्या बाईंकडे कोण जाईल, हा त्यांचा प्रश्न होता.

खरं काय ते सांगावं म्हणून मी उठलेही. पण बायका येऊन माझे हात धरू लागल्या, एक म्हातारी गळ्यात पडून रडायला लागली, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "देवाला तुला बोलवायचंच असतं तर त्याने लाइट जायची वाट बघितली असती का?" थोड्या वेळाने भाजी चिरता चिरता तोच म्हणाला, "पण बघितलीही असेल. त्याचं काय सांगता येतं."

मला दोन्ही पटत होतं. पाचारण हा शब्द लहानपणापासून ऐकत आले. उपासनेत साक्ष द्यायला, आपला अनुभव सांगायला उभे राहणारे म्हणतात, शांती वाटली, मार्ग दिसला. मला तसलं काहीच झालं नव्हतं. बरं, मी म्हणाले ते देवालाच म्हणाले होते. त्याने ते नागपूरसाठी धरलं की खारबावसाठी? माझ्या वाक्यात गावाचं नाव नव्हतंच. शेवटी म्हटलं, एकदा जाऊन येऊ. बाईंनी हाकलून दिलं की मी मोकळी.

सुट्टीच्या दिवशी शेअर रिक्षाने गेले. शेजारची आगरी बाई त्यांना दोन वेळचं जेवण आणून देते, तीच ओट्यावर भेटली. "म्हातारी हाय घरात, पन चर्चवाल्यांना आत घेत न्हाय," असं म्हणत तिने दार लोटून दिलं.

बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणी पाठवलं?"

वाटेत मी उत्तर पाठ केलं होतं. प्रभूने. पण त्यांच्यासमोर मी सगळंच सांगून टाकलं, नागपूर, प्रार्थना, लूम, लाइट. म्हणाले, "मला खरंच माहीत नाही, बाई. देवाने पाठवलं असेल, नाहीतर लाइटवाल्यांनी."

त्यांच्या चेहऱ्याची एकच बाजू हलत होती. तेवढ्या बाजूने त्या हसल्या. "बस. पण प्रार्थना करायची नाही. नखं कापता येतात का तुला?"

मी नखं कापली. पुढच्या सुट्टीला परत गेले, केस विंचरले. मग जातच राहिले. साहेबांनी नागपूरचं विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. का म्हणाले ते त्यांना सांगता आलं नाही, नवऱ्यालाही नाही. दुसरा एकजण गेला. त्याच्या नव्या केबिनचा फोटो ग्रुपवर आला तेव्हा माझं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

पाळकसाहेब विचारायचे, वचन वाचलंस का, प्रार्थना केलीस का. मी नाही म्हणायचे. मग तिथे जाऊन करतेस काय, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, चहा पाजते, चादर बदलते. "ही सेवाच आहे," ते म्हणाले, "पण पाचारण म्हणजे..." आणि ते खुर्च्या रचायला लागले. मीही.

एका दुपारी उशी सारखी करताना बाईंनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. "मनात करतेस ना तू? तुझे ओठ हलतात."

मी हो म्हटलं.

"मग आज मोठ्याने कर. फक्त योजना-बिजना काढू नकोस."

मी तोंड उघडलं, तर मला येत होती ती सगळी वाक्यं त्यांनी नको म्हटलेलीच होती. मग म्हणाले, "प्रभू, बाईंचा मुलगा गेला. का गेला ते आम्हाला कळलं नाही." बाईंनी वाकड्या तोंडाने, अक्षर अक्षर जोडत, आमेन म्हटलं. मग चहा मागितला.

बाई अजून आहेत. उपासनेला येणार नाही म्हणतात. पाळकसाहेब गेले तर त्यांना ओट्यापर्यंत बसू देतात, आत नाही. ती प्रार्थना झाली म्हणायची का, हे मी पाळकसाहेबांना अजून विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी मंडळीतल्या एका बाईने मला जिन्यात गाठलं. तिचे सासरे कुणाशी बोलत नाहीत, जेवतही नाहीत धड. त्यांच्याकडे येशील का, म्हणाली. मला ताबडतोब हो म्हणवलं नाही. मी फक्त विचारलं, तुमचं घर नेमकं कुठे आहे?