डावीकडची सीट

मोटार शिकवताना नवऱ्याने मला मारलं. आधी हेच सांगून टाकते, उगीच आडपडदा नको.

पन्नास साल उलटून गेलं होतं. आम्ही पार्ल्याला राहायचो. हे डॉक्टर, आणि ह्यांचे निम्मे पेशंट मरोळ-अंधेरीकडचे. जुनी सेकंडहँड मोटार घेऊन व्हिजिटला जायचे. त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर जाणार, कधी ते सांगता येत नाही. नजर गेली की मोटार बंद, मोटार बंद की व्हिजिट बंद, मग दवाखाना कशाच्या जिवावर चालवायचा? ह्यांनी बाहेर कुणाला कळू दिलं नाही. घरी येऊन फर्मान काढलं, "पंधरा दिवसांत तू गाडी चालवायला लागायचंस."

पंधरा दिवसांत! डोंबल! मला साधी सायकल येत नव्हती.

पहिल्या दिवशी क्लच सोडला आणि इंजिन बंद पडलं. लगेच डोक्यात टपली. मला वाटलं चेष्टा करताहेत, मी हसले. परत बंद पडलं तेव्हा कानशिलात बसली. पुढे तर ह्यांनी गुडघ्यावर ठोकून बघायची ती रबरी हातोडीच बरोबर घ्यायला सुरुवात केली. गिअर करकरला की हातोडी माझ्या बोटांच्या पेरांवर. बोटं अशी सुजली की पोळ्या लाटवेनात. त्याआधी ह्या माणसाने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. भीतीने माणूस पिसाळतो, हे मला तेव्हाही कळत होतं. पण कळून काय करू? बोटं तर माझी सुजत होती ना!

आणि मार बसायला लागल्यापासून जे थोडंफार येत होतं तेही येईनासं झालं. रस्ता बघायचा सोडून मी ह्यांचा हात बघायची.

तशातच ह्यांनी मला परवान्याच्या परीक्षेला नेऊन उभं केलं. इन्स्पेक्टर डावीकडे बसला, हे रस्त्याच्या कडेला उभे. बरं चाललं होतं. मग उकाड्याने हैराण होऊन त्या बिचाऱ्याने टोपी काढायला हात वर केला. झालं! मी स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मोटार सुटली ती थेट एका तबेल्याच्या कुंपणात. बांबू कडाकडा मोडले, म्हशी दावी तोडून उधळल्या, काच फुटून माझ्या कपाळातून रक्ताची धार लागली. अर्थातच नापास. घरी येईपर्यंत हे एकच घोकत होते, "वाट लावलीस माझी."

दुसऱ्या दिवशी हे दवाखान्यात पायी गेले आणि मी पान्हा घेऊन मोटारीत शिरले. डावीकडच्या सीटचे तीन बोल्ट निघाले. चौथा गंजलेला, हटेना. तेव्हा माझं डोकं फिरलं. इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल उचललं आणि त्या बोल्टावर घालत सुटले. पत्रा चेपला, तळहाताची सालं निघाली, तोंडाने शिव्या चालल्या होत्या. इतक्या शिव्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं! शेवटी बोल्ट तुटला. सीट फरफटत नेली आणि मागच्या पडक्या विहिरीत ढकलून दिली.

संध्याकाळी हे आले. "सीट कुठाय?"

"विहिरीत."

ह्यांनी हात उगारला. हँडल मी खाली ठेवलंच नव्हतं. "मारा," म्हटलं, "मारून तर बघा!" उगारलेला हात तसाच खाली आला.

मग अबोला. हे टांग्याने जमतील तेवढ्याच व्हिजिटला जायचे आणि मी आमच्या गल्लीत एकटीच मोटार पुढे-मागे करायची. इंजिन बंद पडायचं. पडू दे मेलं! उतरायचं, हँडल मारायचं, परत बसायचं.

परत परीक्षेचा दिवस आला. तिथवर मोटार ह्यांनी चालवली, मी मागे. अंधेरीजवळ डावीकडून एक सायकलवाला आला, तो ह्यांना दिसलाच नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. सायकल चाकाखाली चेपली, माणूस वाचला. त्याने उठून ह्यांची गचांडी धरली आणि गदागदा हलवलं. "आंधळा आहेस काय रे?" ह्यांनी चाचपडत पाकीट काढलं आणि सायकलीचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. मला पहिल्यांदाच ह्यांची कीव आली, आणि राग काही गेला नाही.

इन्स्पेक्टर तोच. आत वाकून बघत म्हणाला, "बाई, पुढची सीट कुठे गेली?"

हे शेजारीच उभे होते.

"तिथे बसणारा माणूस मारतो," मी म्हटलं.

त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळावरच्या खोकेकडे. तो मागे जाऊन बसला. "सावकाश चला, बाई. नव्या माणसाचं इंजिन बंद पडायचंच. पडलं की परत सुरू करायचं. कुणाला घाई नाहीये."

ते ऐकून नेमके तेव्हाच माझे डोळे भरून आले. पदराने पुसले आणि निघाले. इंजिन दोनदा बंद पडलं, दोनदा सुरू केलं. पास झाले.

कागद घेऊन बाहेर आले, तर हे मोटारीत मागच्या सीटवर जाऊन बसले होते. कुणी सांगितलं नव्हतं.

"मरोळला पेशंट आहे," म्हणाले. "तुला जमेल तसं चल."