फोर स्ट्रोकचं रीडिंग

डिप्लोमाच्या तीन वर्षांत आमच्या लॅबमधली दोन्ही इंजिनं कधी चालू झालेली मी पाहिली नव्हती. डावीकडे टू स्ट्रोक, उजवीकडे फोर स्ट्रोक, दोन्हींवर बोटभर धूळ. रीडिंग्ज आम्ही सीनियरच्या जर्नलमधून उतरवायचो, त्याने त्याच्या सीनियरच्या. सगळ्यांच्या जर्नलमध्ये फोर स्ट्रोक तेवढ्याच सेकंदांनी जिंकायचं आणि सर डोळे झाकून सही ठोकायचे.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. बाबा कल्याणजवळच्या एका कारखान्यात फिटर, रिटायर व्हायला टेकलेले. त्यांच्या जागी मला घेणार होते, पण डिप्लोमा पास हवा. मला मात्र कोपरीतल्या एका पेंटरकडे दुकानांच्या पाट्या रंगवायच्या होत्या. घरी हे बोलायची टाप नव्हती. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेले, "पोराने नशीब काढलं!" ते ऐकलं की मला घुसमटायला व्हायचं.

प्रॅक्टिकलला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "इंजिनं चालू करा." झालं! लॅब असिस्टंटचा घामटा निघाला, पण शेवटी दोन्ही धडधडली. दोन्हींवर सारखाच लोड लावायचा आणि दहा सीसी पेट्रोल किती सेकंद पुरतं ते मोजायचं. टू स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर बाहेर जातं, म्हणून त्याचं आधी संपायला हवं. पण आमचं फोर स्ट्रोक इतकं झिजलेलं, की त्याचंच आधी संपलं.

माझ्या आधीच्या मुलाने बिचाऱ्याने दिसलं ते लिहिलं. परीक्षकांनी कागद भिरकावला. "एवढंही कळत नाही? परत ऑक्टोबरला ये."

माझंही रीडिंग तेच आलं. लिहिलं की नापास, नापास की नोकरी गेली. बाबा आठवडाभर अबोला धरतील, मग मी मोकळा! अरे गाढवा, खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, डोळ्यांनी पाहिलेलं फक्त उतरवायचं होतं.

मी सीनियरचे आकडे लिहिले. तोंडपाठच होते.

"शाब्बास," परीक्षक म्हणाले, "हे असं यायला हवं."

घरी पोचलो तर बाबा दारातच उभे. "काय झालं रे?"

"पास होईन," म्हटलं.

त्यांनी मला मिठी मारली, आयुष्यात पहिल्यांदा. मला हुंदका फुटला. पोराला आनंद झालाय असं वाटून ते कितीतरी वेळ माझ्या पाठीवर थोपटत राहिले.