काळी कोंबडी आरवली

आमच्या परसात कोंबडा नाही. होता तो पहाटे बांग देतो म्हणून शेजाऱ्यांनी भांडण काढलं, तेव्हा कापून खाल्ला. केडगाव आता शहरात आलं. इथल्या लोकांना अंडी गावठी पाहिजेत, पण आवाज नको. त्यामुळे मी नुसत्या कोंबड्या पाळते.

म्हणून त्या दिवशी पहाटे खुराड्यातून बांग ऐकू आली तेव्हा मला वाटलं, कुणाचा तरी कोंबडा भिंतीवरून उडी मारून आला. काठी घेऊन गेले. खुराड्यावर काळी उभी होती. माझी सगळ्यात म्हातारी कोंबडी. तिनं अंडी द्यायचं कधीच बंद केलं होतं आणि अलीकडे तिचा तुरा वाढून लालभडक झाला होता. माझ्या डोळ्यांदेखत तिनं मान ताणली, चोच वर केली आणि आरवली. घोगरं, अर्धवट, पण आरवली. माझ्या हातातून काठी पडली. उभा जन्म कोंबड्यांत गेला, पण असलं कधी पाहिलं नव्हतं.

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "मावशी, परत कोंबडा आणला का?"

"कोंबडा कुठला? ही काळी वरडतीय."

ती भिंतीला टेकून बघायला आली. काळीनं तिच्यासमोरही एकदा गळा काढला. शेजारणीनं तोंडावर हात ठेवला.

"मावशी, हिला आजच्या आज कापा. कोंबडी आरवली की घरच्या धन्यावर येतं. आणि तुमच्याकडं तर काका..."

पुढचं तिनं गिळलं. आमच्या मालकांना महिन्यापूर्वी हार्टॲटॅक येऊन गेला होता. दोन स्प्रिंगा टाकल्या होत्या. परसाच्या खिडकीशी त्यांची कॉट होती, म्हणजे हे सगळं त्यांच्या कानावर गेलंच.

मला त्याची काळजी वाटली नाही, कारण आमचे मालक असलं काही मानणारे नव्हते. साखर कारखान्यात फिटर होते. तिठ्यावर कुणी उतरून टाकलेला नारळ दिसला की उचलून घरी आणायचे आणि मला चटणी वाटायला लावायचे. अवसेला मुद्दाम प्रवासाला निघायचे. माझी सासू डोकं आपटून घ्यायची. असल्या माणसाला कोंबडी काय करणार?

मी काळीला कापली नाही. माझं लक्ष तांबडीकडे होतं. तांबडी खुडूक झाली होती, म्हणून माझ्या माहेरून, पुणतांब्याहून, कोंबडा असलेल्या घरची अंडी आणून बांबूच्या डालग्यात तिच्याखाली ठेवली होती. खुडूक कोंबडी डालग्यातून हलत नाही. पिसं फुलवून बसते, कुर्र करते आणि जवळ जाईल त्याला चोच मारते. पिल्लं निघायला दोनच दिवस राहिले होते. काळी रोज आरवत होती, शेजारीण रोज हळहळत होती आणि मी दोघींकडे दुर्लक्ष करत होते.

त्यातच श्रीरामपूरला भाचीच्या बाळाचं बारसं आलं. मी सकाळच्या बसनं गेले, संध्याकाळी परतले. पोरगा दारातच उभा होता. तो एमआयडीसीत नोकरी करतो, वय चाळीस, पण कोंबडी त्याला फक्त ताटात ओळखता येते.

"आई, काम करून टाकलं. ती कोंबडी चिकनवाल्याकडं नेऊन कापली. घरात आणली न्हाई, त्यालाच देऊन टाकली."

मी पिशवी तिथंच टाकून परसात गेले. काळी खुराड्यावर बसली होती. डालग्यात तांबडी नव्हती. अंड्यांना हात लावला, तर गार.

"अरे गाढवा, कुणाला कापलंस?"

"तीच ना, येडी झालेली. अंग फुगवून बसली होती. आवाज काढत होती. हे बघ, मला चावली!" त्यानं अंगठा दाखवला.

"ती खुडूक होती! पिल्लं काढत होती!"

"मला काय माहीत खुडूक? मला वाटलं, बिघडलेली दिसतीय ती हीच."

मी एक अंडं फोडलं. आत पिल्लू पिसांसकट तयार होतं, मेलेलं. पोरगा बाजूला जाऊन ओकला.

"तुला कुणी सांगितलं हे धंदे करायला? त्या शेजारणीनं?"

त्यानं तोंड पुसलं आणि आवाज एकदम खाली आणला. "दादांनी."

"कोण दादांनी?"

"आपल्या दादांनी. तू गेल्यावर मला जवळ बोलावलं. म्हणाले, मी सांगितलं हे आईला कळू देऊ नको, पण ती कोंबडी आज संपव."

पोरगा मालकांनाच दादा म्हणतो. पिल्लांचं मी विसरूनच गेले. नारळाची चटणी मागणारा तो माणूस, आणि हा निरोप? मला खरंच वाटेना. घरात गेले तर मालक गोळ्यांच्या गुंगीतून नुकते जागे होऊन भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"झालं ना रे?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, पोरगाच आलाय.

मी तशीच मागं फिरले आणि ती गार अंडी परसात पुरली. 

पहाटे काळी आरवली.

मालक ताडकन उठून बसले. ज्यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती, ते एकटे उठून बसले. चादर मुठीत धरलेली, कपाळावर घाम. "ती मेली ना गं? मग हे कोण वरडतंय?" पन्नास वर्षं संसार केला, कारखान्यात बोट तुटलं तेव्हासुद्धा या माणसाचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. तेव्हा मला कळलं, त्यांना मरणाची भीती वाटत होती. महिनाभर वाटत होती आणि मी रोज त्यांना पेज भरवत असूनही मला पत्ता नव्हता.

मी काळीला पायाला धरून आणली. खिडकीसमोर उभी राहिले.

"अहो, इकडं बघा. हीच ती. पोरानं दुसरीच कापली. नीट बघा, म्हणजे परत शंका नको."

त्यांनी पाहिलं. मी सुरी फिरवली. काळीची फडफड थांबेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग आडवे झाले आणि दुपारपर्यंत घोरत पडले.

अपशकुनाची कोंबडी घरात शिजवायची नाही, असं पोरगा म्हणाला. मी म्हटलं, तू खाऊ नको. चुलीवर शिजत ठेवली. म्हातारं मटण, शिजायला फार वेळ लागला. वासानं मालकांना जाग आली.

"रस्सा केलास का?"

"डॉक्टरनं तेल बंद केलंय."

"वरचा तवंग काढ अन् दे."

जिच्या आवाजानं पहाटे घाम फुटला होता, तिचाच रस्सा तो माणूस वाटी तोंडाला लावून भुरकत होता. 

आता मालक हिंडतेफिरते आहेत. तब्येत बघायला पाहुणे आले की काळीची गोष्ट तेच रंगवून सांगतात. कशी आरवली, कशी कापली. आणि शेवटी माझ्याकडे बोट करून हसतात, "काय करता, आमच्या हिचा असल्या गोष्टींवर लई इश्वास."