पुढच्या चाकांची हवा

ओब्राद चिर्कोविचच्या दुकानात कोणी नुसती हवा भरायला गेलं तरी आधी त्याला झडती द्यावी लागत असे. गाडीत किती माणसं बसणार, ओझं काय, कुठल्या रस्त्यानं जाणार, आता किती लांबून आलात. चाकं तापलेली असली तर तो गिऱ्हाइकाला अर्धा तास बाकावर बसवून ठेवायचा, कारण तापल्या चाकाची हवा खोटं बोलते असं त्याचं म्हणणं. त्या अर्ध्या तासात तो स्वतः एक शब्द बोलायचा नाही. नवखी माणसं चिडायची, जुनी माणसं येताना वर्तमानपत्र घेऊन यायची.

मी कोसारा, त्याची शेजारीण. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसले, आता सकाळची कॉफी त्याच्या दुकानात करते. त्याची बायको गेली तेव्हा त्यांची रोसांदा सात वर्षांची होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला वाचायला मी शिकवलं. म्हणून पुढचं सांगायचा अधिकार माझाच आहे, गावात बाकीचे काय बोलतात त्याला काडीची किंमत देऊ नका.

ओब्राद असा का झाला, हे मला ठाऊक आहे. बावीस वर्षांचा असताना तो उस्तादाकडे काम करत होता. एक शिक्षक नवरा-बायको फिचा, ती आमच्याकडची छोटी मोटार, घेऊन आले. फिचाचं इंजिन मागे असतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मागचा भार जड, पुढचं तोंड हलकं. म्हणून पुढच्या चाकांत हवा कमी, मागच्यांत जास्त ठेवायची. पुढची चाकं थोडी बसकी दिसतात, आणि तशीच दिसायला हवीत. शिक्षक म्हणाला, पुढची बसलीत, चारी सारखी भर. ओब्रादनं भरली. गिऱ्हाइकाशी कोण वाद घालणार? संध्याकाळी त्याला क्रेन घेऊन वुच्याकच्या घाटात बोलावलं. पुढची चाकं वळणाला घट्ट धरून राहिली होती आणि मागचं धूड फिरून दरीकडे गेलं होतं. गाडी बीचच्या झाडांत उलटी पडली होती. त्यानं आधी त्या दोघांना बाहेर काढलं आणि मग, लोक बघत असताना, पुढच्या चाकाला दाबमापक लावून पाहिला. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. मीही पुन्हा विचारलं नाही.

त्यामुळे रोसांदाचा होणारा नवरा दालिबोर लाल रंगाची फिचा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी ओब्रादकडे पाहिलं. पलीकडच्या खोऱ्यातला मुलगा, स्वभावानं वाईट नाही, पण हौस दांडगी. आजोबांची गाडी त्यानं रंगवून चकचकीत केली होती. लग्नात नवरीला त्यातूनच न्यायची, असं ठरवून आला होता. आणि चाकं बसवली होती मोठ्या गाडीची, रुंद, तेरा इंची.

"नाकापेक्षा मोती जड," मी म्हणाले.

"मावशी, रस्त्याला चिकटून चालते," दालिबोर म्हणाला.

ओब्रादनं त्याला मागच्या सीटवर बसवलं, मलाही बसवलं, आणखी एका जाडजूड गिऱ्हाइकाला आमच्यात कोंबलं. मग बाहेरून हात घालून सुकाणू पार टोकाला फिरवलं आणि गाडी ढकलली. पुढचं चाक पत्र्याला घासून करकरलं.

"ऐकलंस?" ओब्रादनं विचारलं.

"सरळ रस्त्यावर नाही घासत."

"सरळ रस्ता मला दाखव, मी तिथं घर बांधतो."

त्यानं चारी चाकं उतरवली. फिचाचं खरं माप बारा इंची, अरुंद. ते आता सहज मिळत नाही. पहिल्या दुकानदारानं छोट्या ट्रॉलीचे टायर दाखवले, माप तेच. ओब्राद त्याला म्हणाला, ट्रॉलीला सुकाणू नसतं रे, वळणावर तिला काय कळणार? दुसऱ्याकडे कोरे करकरीत मिळाले, खाचा नखभर खोल. ओब्रादनं कडेवरचे चार आकडे वाचले, आठवडा आणि साल, आणि परत ठेवले. टायर चौदा वर्षं कोठारात पडून होते. न वापरताच म्हातारे झालेले. तीन आठवडे हिंडून त्यानं मनासारखे चार मिळवले. ट्यूब नव्या घातल्या, एकेक चाक पाण्यात फिरवून पाहिलं. हवा भरली ती सकाळी, गार चाकांत. पुढे एक बार, मागे एक पॉइंट सहा. मग दालिबोरला समोर उभं करून आकडे तीनदा म्हणून घेतले. दालिबोर शाळेतल्यासारखा म्हणाला आणि हसला. आम्हीही हसलो.

लग्न ऑक्टोबरात होतं. वरात नदीकाठच्या रस्त्यानं आली, पुढे निशाण, मागे तुतारीवाले, सगळ्यांच्या गळ्यात पंचे. नवऱ्याचा बाप मिलोयको उतरला तोच मोठ्यानं बोलत. हा मनुष्य म्हणजे उंटावरचा शहाणा. स्वतः कधी दिव्याची वात बदलली नसेल, पण सल्ला सगळ्यांना. राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पेला उचलून तो ओब्रादला म्हणाला, "व्याही, मुलगी देताना हात आखडला नाहीत, मग हवा का हो मोजून दिलीत?"

लोक खिदळले. ओब्रादला तुताऱ्यांत ऐकू आलं नाही. मला आलं, आणि मी मूर्ख, मला वाटलं नेहमीसारखी थट्टा करतोय.

आमच्याकडे नवरीचे आईबाप वरातीबरोबर जात नाहीत. फाटकापाशी उभं राहायचं आणि मुलीला जाऊ द्यायचं. रोसांदा मागे बसली, तिच्या एका बाजूला धाकटा दीर, दुसऱ्या बाजूला करवली. गाडी फुलांनी आणि पंच्यांनी अशी झाकली होती की चाकंही दिसत नव्हती. फाटकातून बाहेर वळताना एक पंचा उडाला आणि पुढचं चाक उघडं पडलं. ताठ, गोल, फुगलेलं. ओब्रादच्या हातातला पेला खाली पडला.

"भरलीत कोणीतरी," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून कळलं.

आणि वरात नदीकडे न वळता वर वळली. वळणारच. वरातीनं आल्या वाटेनं परत जायचं नसतं, आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. नदीचा रस्ता सोडला की उरतो वुच्याकचा घाट. सगळ्या गावाला कुठल्या रस्त्यानं जाणार म्हणून छळणाऱ्या माणसानं, आपल्याच मुलीच्या लग्नात हा विचार केला नव्हता. घाटात दोन दिवस पाऊस पडत होता. बीचची पानं रस्त्यावर ओली होऊन पडलेली.

मी दालिबोरला फोन लावला, रोसांदाला लावला. हॉर्न आणि तुताऱ्यांत कोण उचलतोय? ओब्रादनं लग्नाच्या सदऱ्यातच व्हॅन काढली. मी शेजारी चढून बसले. त्यानं नको म्हटलं नाही.

लाकडाच्या गिरणीमागून एक चढाचा कच्चा रस्ता आहे, लाकूडतोड्यांचा. त्यावरून आम्ही गेलो. झाडांमधून खाली वरात दिसे आणि नाहीशी होई. लाल गाडी सगळ्यांत पुढे होती. पुन्हा दिसेपर्यंत मी श्वास धरून बसे. ओब्राद रस्त्यावरून नजर हलवत नव्हता. एकदाच म्हणाला, "चढताना काही होत नाही, कोसारा. चढताना ती गुणी असते." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला भीती वाटत होती आणि ती त्याला दिसायला नको होती.

खिंडीत, जिथून उतार सुरू होतो, तिथं त्यानं व्हॅन रस्त्यात आडवी लावली. मिनिटभरात वरात येऊन थडकली. तुताऱ्या बंद पडल्या. आमच्याकडे वरात अडवतो तो वैरी, आणि इथं तर नवरीचा बापच रस्त्यात उभा होता. त्यानं सरळ लाल गाडी गाठली. पुढच्या चाकापाशी चिखलात गुडघे टेकले, टोपण काढलं आणि हवा सोडायला लागला.

मिलोयको धावत आला. "अहो, लग्नाच्या गाडीची हवा काढताय? पोरीचा संसार सुरू व्हायच्या आधीच त्यातली हवा काढताय?"

"किती भरलीत?" ओब्रादनं मान वर न करता विचारलं.

"दोन-दोन, चारीत. माझ्या गाडीत तेवढीच असते. तुमची बसलेली होती, मी तुमची अब्रू झाकली."

"बाबा, तुम्ही पंपावर..." दालिबोर बापाकडे बघून म्हणाला आणि तिथंच थांबला. त्याला आकडे पाठ होते, पण सगळ्या पाहुण्यांदेखत बापाला चुकीचं ठरवायची हिंमत नव्हती. नवऱ्याच्या आईनं छातीवर क्रूसाची खूण केली. मागून कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला मुलगी सोडवत नाही. रोसांदा काचेआड मान खाली घालून बसली होती. ओब्रादनं दोन्ही चाकं मोजून एकवर आणली, उठला, व्हॅन बाजूला घेतली. वरात घाट उतरून गेली. काहीही झालं नाही.

हेच तर त्याचं दुर्दैव. काहीतरी झालं असतं, गाडी नुसती सरकली असती, तर लोकांनी त्याचे हात धरले असते. काही झालं नाही म्हणून तो वेडा ठरला. घाटाखाली उतरल्यावर मिलोयकोनं चाकं पुन्हा भरून घेतली, हे आम्हाला नंतर कळलं. अपशकुनी म्हणून सासरच्यांनी ओब्रादशी बोलणं तोडलं. रोसांदाचे फोन आधी कमी झाले, मग बंद. मुलगी झाल्याचं त्याला दुसऱ्यांकडून समजलं. मी म्हणाले, जा, दार ठोठाव. तो म्हणाला, "गेलो तर मी पहिल्यांदा चाकं बघेन, कोसारा. माझ्याच्यानं राहवणार नाही." रोज हवामानाची बातमी लागली की तो रेडिओ मोठा करायचा. घाटात पाऊस म्हणाले तर त्या दिवशी जेवायचा नाही. अशी चार वर्षं गेली.

गेल्या एप्रिलात, सकाळी, मी कॉफी ओतत होते आणि त्याचा फोन वाजला. हात काळे होते म्हणून त्यानं कोपरानं बटण दाबलं, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाबा, मी बोलतेय. हळू बोल."

ओब्राद खाली बसला.

"घाटाच्या पलीकडच्या पंपावर आहोत, फिचा घेऊन. आता घाट ओलांडायचाय. दालिबोर आणि सासरे आत कॉफी घेतायत. सासऱ्यांनी आत्ता चारी चाकांत दोन-दोन भरून घेतली. वर पाऊस झालाय. छोटी मागे झोपलीय, बाबा. मला मोजायला काही नाही."

त्यानं विचारपूस केली नाही, रागावला नाही. "गाडी किती चाललीय?"

"घरापासून दोन किलोमीटर."

"म्हणजे गारच. पुढच्या चाकाशी बस. टोपण काढ. केसात पिन आहे?"

"आहे."

"आत मधोमध एक खिळा आहे, त्यावर दाब. फोन तिथं धर. मी सांगेपर्यंत सोडू नकोस."

सूं करून आवाज आला. ओब्रादनं डोळे मिटले. एक बोट गुडघ्यावर हलत होतं. चाळीस वर्षं त्यानं तो आवाज ऐकलाय, पण फोनमधून कधी नाही. मी किटली हातात धरून तशीच उभी राहिले. आवाज हळूहळू जड होत गेला.

"बस. आता दुसरं. आणि ऐक, एकच चाक करून उठलीस तर ते दोन्ही भरलेल्यापेक्षा वाईट. दुसरं सोडायचं नाही, कोणी आलं तरी."

पुन्हा सूं. मग लांबून पुरुषाचा आवाज, मिलोयकोचाच, मी तो विसरणं शक्य नाही. "रोसांदा, काय चाललंय तिथं?"

आवाज थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही.

"हवा काढतेय," रोसांदा म्हणाली, मोठ्यानं, सगळ्या पंपाला ऐकू जाईल असं. "माझे बाबा सांगतात तेवढी ठेवतेय. माझी मुलगी बसलीय गाडीत. तुम्ही हात लावू नका."

पलीकडे कोणीतरी काहीतरी बोललं, दालिबोर असावा, पण शब्द कळले नाहीत. सूं चालूच होतं. ओब्रादचे गाल ओले झाले होते आणि पुसायला हात स्वच्छ नव्हते. तो मोजत राहिला.

"बस," तो म्हणाला.

आवाज थांबला आणि फोनही बंद झाला. घाट ओलांडायला तासभर लागतो. कॉफी गार होत गेली आणि आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून बसून राहिलो.