गेला आणि जगायला गेला

मुंबईच्या प्रदर्शनात माझ्या काकीचा फोटो दाराएवढा मोठा लावला होता. खालच्या कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मृत मुलाची आई, मोखाडा’. आणि तो मुलगा, माझा चुलतभाऊ, माझ्या शेजारी उभा होता. आईचा फोटो लागलाय हे कळल्यावर भिवंडीच्या वीटभट्टीवरून एक दिवसाची सुट्टी काढून तो आला होता.

त्याला इंग्रजी येत नाही. “काय लिवलंय?” त्याने विचारलं. मी सांगितलं.

“म्हणजे मी मेलो?” तो हसला. “अन् मलाच कोणी कळवलं नाही!”

मग त्याने पुन्हा वर पाहिलं. फोटोत काकीने त्याचाच शाळेतला लहानसा फोटो छातीशी धरला होता. त्याचं हसणं थांबलं.

ज्या शब्दावरून ते कार्ड लिहिलं गेलं तो माझ्याच तोंडून गेला होता, हे सांगण्याची हिंमत मला तिथे झाली नाही.

तीन वर्षांपूर्वी मी जव्हारच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. परदेशातून एक फोटोग्राफर बाई आल्या होत्या, त्यांना दुभाष्या हवा होता, आणि सरांनी माझं नाव सुचवलं. बाईंनी अर्धं आयुष्य कंबोडिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स अशा देशांत फोटो काढण्यात घालवलं होतं. युद्ध आणि कत्तली होऊन गेल्यावर माणसं काय आठवतात, स्वतःला कोण समजतात, हा त्यांचा विषय. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला लॅपटॉपवर ते फोटो दाखवले. ओळीने उभ्या आया, प्रत्येकीच्या छातीशी बेपत्ता मुलाचा फोटो. वाटलं, जी बाई माणसांकडे असं बघते ती आमच्याकडेही नीट बघेल. त्यांचे उपकार मी आजही मानतो. माझं मोडकं इंग्रजी वाक्य पुरं होईपर्यंत थांबून ऐकणारं त्याआधी मला कोणी भेटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यावर नेलं. काकी अंगणात नाचणी वाळत घालत होती. घरात कोण कोण असतं, असं बाईंनी विचारलं.

“मी नि सून,” काकी म्हणाली. “पोऱ्या त जगाया गेलाय.”

भात-नाचणी घरात आली, दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं भट्टीवर, रेतीवर, बांधकामावर जातात. त्याला कोणी ‘कामाला गेला’ म्हणत नाही. ‘जगायला गेला’ म्हणतात. डोंगरातलं पीक वर्षभर पुरत नाही, म्हणून माणूस जगायला जातो आणि पेरणीच्या आत परत येतो. आश्रमशाळेत मी निबंधात हेच लिहिलं होतं, तेव्हा बाहेरून आलेले गुरुजी वर्गासमोर म्हणाले होते, “जगायला जातात? मग इथे काय मेलेले असता?” सगळा वर्ग हसला. आम्हीच सगळे त्या वर्गात, आणि आम्हीच हसलो. तेव्हापासून तो शब्द मी शिकलेल्या माणसांपुढे काढला नाही. बाईंपुढेही अर्धा गिळला आणि म्हणालो, “हर सन इज गॉन.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी काकीच्या खांद्यावर हात ठेवला. मुलाचा फोटो आहे का, विचारलं. काकीने पेटीतून काढून आणला. बाईंनी छातीशी धरायला सांगितला, तिने धरला. पण ती हसत होती. हसू नको म्हणावं, असं बाई म्हणाल्या. तेही मी सांगितलं.

“का र? पोऱ्याचा फोटो हातात घेऊन मी रडू?”

“काकी, जरा गप उभी राहा ना.”

आदल्या संध्याकाळी हेच उभं राहणं मी लॅपटॉपवर पाहिलं होतं. तरी मला काही सुचलं नाही. वाटलं, मोठ्या लोकांचे फोटो असेच काढतात.

त्या दिवशी प्रदर्शनात बाई भेटल्या. मी म्हणालो, हा बघा तो मुलगा, जिवंत आहे, चूक माझी आहे, कार्ड काढा. क्षणभर त्या गोंधळल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “पण घर सोडून जाणं हेही एक मरणच आहे ना? हा फोटो एका मुलाचा नाही, स्मृतीचा आहे.” आणि माझ्या भावाकडे वळून त्यांनी विचारलं, त्या फोटोसमोर तुझा एक फोटो काढू का?

माझ्या अंगाची आग झाली. आमच्याकडे खऱ्या मेलेल्यांची कमी नाही. जव्हारजवळच्या वावर गावात पोरं भुकेने गेली, तेव्हाही कॅमेरे आले होते. त्यांच्या आया अजून आहेत. त्यांचं दुःख कोणीही उचलून दुसऱ्या बाईच्या छातीवर चिकटवावं, इतकं ते स्वस्त आहे काय? आमच्याकडे येणारा प्रत्येक जण मेलेलं मूल आधीच डोक्यात घेऊन येतो, त्याला फक्त आई हवी असते. आणि ती आई मी दिली.

मी ते मराठीत सांगितल्यावर भाऊ म्हणाला, “नको. चल.” बाहेर रस्त्यावर आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो सरळ जाऊन भिवंडीच्या गाडीत बसला.

पाड्यावर येऊन काकीलाही सांगितलं. तिने विचारलं, “किती लोकांनी वाचलं असंल?”

“पुष्कळ.”

“म्हंजे येवढ्या लोकांसाठी माझा पोऱ्या मेला.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “येवढा शिकलास. माझं येवढंसं बोलणं न्यायला तुला जड झालं?”

मी बाईंना ईमेल लिहिली. कार्डावर काकीचं ‘जगाया गेलाय’ हे वाक्य जसंच्या तसं लिहा, नाहीतर फोटो उतरवा. चार दिवसांनी उत्तर आलं. कार्ड बदललं होतं. आता तिथे होतं, ‘हरवलेल्या मुलाची आई’. मी काकीला अर्थ सांगितला. तिने हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं.

“हरवला? परवाच त त्याचा फोन आला. कधीपर्यंत आहे ते तुझं परदर्शन?”

“रविवारपर्यंत.”

“मंग सकाळच्या यष्टीने मला ने. त्यालापण बोलव. त्याला त्या फोटोपुढं उभा करून मी सांगन तिला, हा कोण ते.”

“काकी, तिला मराठी येत नाही. मी सांगतो नीट…”

“तू मधी बोलू नको,” काकी म्हणाली.