खंडेनवमीला बंद पडलेली मेल

टॉवेलच्या कारखान्यात कापसाची लव उडते. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी मागाखाली पुन्हा तेवढीच जमते. आमच्या ऑफिसातल्या गोष्टींचं तसंच आहे. मी त्या गोळा करत फिरत नाही, मला तेवढा वेळ नसतो. अंगाला चिकटून घरी येतात, एवढंच.

मी रंगखान्याचा मुकादम. शिक्षण चौथी. पण सोलापुरात विटकरी रंग कुणाला जमतो असं विचारा, लोक माझ्याकडं बोट दाखवतात. हे मी सांगायची गरज नाही, तरी सांगून ठेवतो.

*

आमचे मालक अण्णा. विणकराच्या घरातले, घरी तेलुगू, कारखान्यात मराठी. माल परदेशात जातो, पण अण्णा राहुकाळ सोडत नाहीत. राहुकाळात नवं काम सुरू करायचं नाही, मेल पाठवायची नाही आणि आलेली उघडायचीही नाही.

ऑफिसात विजया मॅडम आहेत. मेलचं सगळं त्या बघतात. त्या मेल लिहून तयार ठेवतात आणि माऊसवर हात ठेवून घड्याळाकडं बघत बसतात. राहुकाळ संपला की अण्णा आतून सांगतात, "सोडा अम्मा." मग मेल सुटते.

एकदा मुंबईचा एजंट फोनवर चिडला. मेल पाठवून तास झाला, तुम्ही अजून बघितली कशी नाही म्हणाला. मॅडमनी खरं कारण सांगितलं. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "मॅडम, शुक्रवारचा कधी असतो?" तेव्हापासून त्याचे फोनही वेळ बघून येतात.

*

यंदा परदेशातल्या एका हॉटेलची ऑर्डर आली. त्यांना विटकरी टॉवेल पाहिजे होते. साधा विटकरी नाही. भाजलेल्या विटेवर पाणी पडल्यावर दिसतो, तसा. मी रंग केला, एक टॉवेल त्यांना पाठवला, जोडीचा एक मॅडमच्या टेबलावर ठेवला.

अण्णांना धाकधूक. ते दिवसातनं दहादा यायचे, टॉवेल उन्हात धरायचे, सावलीत धरायचे. शेवटी मी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा रंग नापास झाला तर रंगखान्याची किल्ली तुमच्या टेबलावर ठेवतो."

"आनि जानार कुटं?" अण्णांनी विचारलं.

"होटगीला. घरी."

आमचा बॉयलरवाला मल्लप्पा शेजारीच उभा होता. अक्कलकोटकडचा माणूस, बोलताना मागंपुढं बघत नाही. म्हणाला, "मुकादम, घरात वैनीला इचारलंय का आदी?"

दिलेला शब्द मी मागं घेत नाही. हॉटेलचं उत्तर मेलवर येणार होतं. त्या लोकांत रंग तोंडी पास होत नाही, लिहूनच यावं लागतं.

*

त्याच आठवड्यात मॅडमच्या कॉम्प्युटरवर रोज एक सूचना यायला लागली. मेलचा प्रोग्रॅम जुना झाला, नवा घ्या, नाहीतर बंद पडेल. मॅडमनी विचार केला की खंडेनवमीला कारखाना बंद असतो, त्या दिवशी करू. विचार चांगला होता. फक्त आमची खंडेनवमी कशी असते, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

आमच्याकडं त्या दिवशी मागांना, बॉयलरला, वजनकाट्याला, अगदी मॅडमच्या माऊसलासुद्धा हळदकुंकू लागतं. झेंडूच्या माळा घालतात. आणि आरतीच्या आधी अण्णा स्वतःच्या हातानं मेन स्विच खाली ओढतात. वर्षभर राबलेल्या यंत्रांना विसावा. मग दसरा होईपर्यंत त्या स्विचला कुणी हात लावत नाही.

मॅडमनी सकाळीच काम लावून दिलं होतं. पडद्यावर लिहून आलं होतं, पूर्ण होईपर्यंत बंद करू नका. मॅडम प्रसादाच्या द्रोणांकडं गेल्या. अण्णांनी स्विच ओढला.

कॉम्प्युटरला लाइट गेल्यावर चालवणारी एक पेटी असते. आमच्याकडंही आहे. तिची बॅटरी कधीच मेलेली, तिच्यावर गणपती बसवलाय.

मॅडम धावत आल्या. "अण्णा, तिथं काम चालू होतं!"

अण्णांनी निरांजन खालीसुद्धा ठेवलं नाही. म्हणाले, "आज कुनाचंच काम चालू नसतं, अम्मा."

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कारखाना उघडला. मॅडमनी मेलच्या चित्रावर दाबलं. प्रोग्रॅमचं नाव पडद्यावर आलं, क्षणभर थांबलं आणि गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. बंद करून चालू केलं, तरी तेच.

मल्लप्पा खिडकीतनं बघत होता. म्हणाला, "रुसलेला जावई हाय बगा. दारापतुर येतो आनि माघारी जातो. नारळ फोडा."

नारळ फुटला. जावई काही आत आला नाही.

एवढ्यात एजंटचा फोन आला. हॉटेलवाल्यांचं रंगाबद्दलचं उत्तर आलंय, तुमच्या मेलवर बघा. अण्णांनी विचारलं, पास का नापास? तो म्हणाला, उत्तर फक्त तुम्हाला गेलंय, त्यांनी मला एवढंच कळवलंय. मेल दुसरीकडं उघडायची सोय नव्हती. पासवर्ड अण्णांच्या मुलानं पूर्वी कधीतरी घातलेला, तो आता त्यालाही आठवत नव्हता.

म्हणजे माझा निकाल लागला होता आणि त्या डब्यात अडकला होता. खिशात किल्ली होती. मी चहा घेतला. माझा रंग मला माहीत होता. तरी चहाला चव नव्हती.

*

कॉम्प्युटर दुरुस्तीला इरफान येतो. शास्त्रीनगरचा, बोलणं दखनी. त्यानं येऊन आधी कळफलक उलटा केला. टेबलावर कुंकवाची रांगोळी पडली. मग एक बटण दाबून धरून त्यानं प्रोग्रॅम चालू करून बघितला, तरी तो परत गेलाच.

"आधा नया है, आधा पुराना," इरफान म्हणाला.

"मालकासारकंच की," खिडकीतनं मल्लप्पा.

इरफाननं वर बघितलं. "बीच में बंद कौन करा इसकू?"

मॅडम पंख्याकडं बघायला लागल्या. अण्णा तिथंच उभे. मालकाचं नाव कोण घेणार? शेवटी मल्लप्पानं माळ घातलेल्या गणपतीकडं हात केला. "देवानं."

इरफान हसला नाही. "हौ. तो फिर देव कू बोलो, अब घंटाभर हाथ नक्को लगाओ."

अण्णा खाली बघून म्हणाले, "लागनार न्हाय."

*

इरफाननं समजावून सांगितलं. अर्धा नवा प्रोग्रॅम काढायचा, पुरा नवा घालायचा. मेल साठवलेली फाइल मधेच लाइट गेल्यानं दुखावली होती, तीही सांधायची. सांधताना बिघडली तर सगळंच जाईल, म्हणून त्यानं आधी तिची नक्कल बाजूला काढून ठेवली. त्याशिवाय मी हात लावत नाही म्हणाला. मला माणूस आवडला. मीही कापडाचा सगळा तागा रंगात घालण्याआधी तुकडा कापून बाजूला ठेवतो.

काम सुरू झालं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पायानं सरकायला लागली.

मी स्टूल उचललं आणि मेन स्विचपुढं नेऊन टाकलं. त्याच्यावर बसलो. ह्या कामाला इंग्रजी लागत नाही.

मागाचा फिटर आला. एका मागाची वायर बदलायची होती, पाच मिनिटं लाइट बंद करतो म्हणाला.

"कर," मी म्हणालो. "मला उचलून बाजूला ठेव आनि कर."

तो जेवायला गेला. जेवायची वेळ व्हायला अजून बराच अवकाश होता.

*

पट्टी भरली. इरफाननं मेलच्या चित्रावर दाबलं. नाव आलं, थांबलं, आणि प्रोग्रॅम उघडला. जुन्या मेल जागेवर होत्या. मग अडकलेल्या नव्या मेल धडाधड आत यायला लागल्या. मॅडम ओरडल्या, "आली, हॉटेलची आली!" मी स्टुलावरून उठून टेबलापाशी गेलो.

अण्णांनी घड्याळ बघितलं. "अम्मा, थांबा. राहुकाळ लागलाय."

मॅडमनी माऊसवरचा हात काढला. पण नव्या प्रोग्रॅमला एक खोड आहे. सगळ्यात वरची मेल तो कुणाला न विचारता अर्ध्या पडद्यावर उलगडून ठेवतो. मेल सगळ्यांसमोर उघडी पडली होती. मॅडमनी घाईनं टेबलावरचा माझा विटकरी टॉवेल उचलला आणि पडद्यावर टाकला.

अण्णा खुर्चीच्या मागंच उभे होते. ते वळले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं तोंड करून उभे राहिले.

"अण्णा, तुम्ही वाचली का?" मॅडमनी भीत भीत विचारलं.

"न्हाय. माजा चष्मा न्हाय माज्याकडं."

चष्मा नाकावर होता.

मी मॅडमकडं बघितलं, त्या कळफलकावरचं उरलेलं कुंकू पुसायला लागल्या. इरफान वायर गुंडाळत होता, त्यानंही वर बघितलं नाही. त्या खोलीत मेल न वाचलेला माणूस मी एकटाच होतो, कारण मला इंग्रजी येत नाही. मी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. मी परत जाऊन स्टुलावर बसलो आणि खिशातली किल्ली हातात घेतली.

मल्लप्पा खिडकीशी आला. "मुकादम, बॉयलर पेटवायचा का न्हाय आज?"

"मालकाला इचार," मी म्हणालो.

अण्णा कॅलेंडरकडं बघतच बोलले. "पानी तापाया टाइम लागतो. पेटव."

"अण्णा, राहुकाळ हाय की."

"पानी तापवनं म्हंजे काम न्हवं. पेटव जा. रंगखान्याच्या सगळ्या टाक्या भर."

मल्लप्पा पळाला. अण्णा तसेच पाठमोरे उभे. मग म्हणाले, "मुकादम, मी काय बी वाचलेलं न्हाय."