घर उषाचं, खातं सरोजचं

माझी धाकटी जाऊ सरोज औंढेकर हिच्याविषयी लिहायचं, तर आधी एक कबूल केलं पाहिजे. मी आयुष्यभर तिचा हेवा करत आले.

१९५७ च्या मे महिन्यात ती परभणीहून लग्न होऊन आमच्या गौलीगुड्याच्या घरी आली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, ती सातवी पास. तरी महिनाभरात सासूबाई तिच्याच हातचा चहा मागू लागल्या. पुढे माझी मुलंसुद्धा तिच्या ताटात जेवायची. तिचे यजमान दिगंबरभावजी अकाली गेले, तेव्हा तिनं सुलतान बाजारातल्या साडीवाल्यांकडून फॉल-पिकोची कामं आणली आणि त्यावर मुलगी शिकवली. कुणापुढे रडली नाही. इंग्रजी कागद तेवढे माझ्याकडे आणायची. "वहिनी, काय म्हणतोय हा?" ते मला फार आवडायचं.

२००४ साली तिचा भाऊ मुकुंद अमेरिकेत, ओहायोमध्ये वारला. लग्न केलेलं नव्हतं. अंगण असलेलं स्वतःचं घर त्यानं बहिणीच्या नावे ठेवलं. वकिलाचं पत्र मीच वाचून दाखवलं. सरोज भावासाठी रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मनात नागपूरचं माहेरचं घर आठवत होते. वडिलांच्या वर्षश्राद्धाचं जेवण झाल्यावर माझ्या दोन्ही भावांनी हक्कसोडपत्र पुढे केलं होतं. "ताई, नुसती सही. सगळ्याच बहिणी करतात." मी केली. एक साडी मिळाली, ती पहिल्या धुण्यातच रंग सोडू लागली.

त्या घराला तिथला कर असतो, हे आम्हां दोघींनाही सुचलं नाही. बिलं रिकाम्या घरात पडत राहिली. २००६ च्या जूनमध्ये शेजारच्या बाईंनी ती गोळा करून पाठवली. सोबत नोटीस होती. चौदा जुलैपर्यंत कर भरला नाही, तर घर लिलावात जाईल. पैसे इंटरनेटवरून, कार्डानं भरता येतील.

सरोज दुसऱ्याच दिवशी सुलतान बाजारातल्या अनिलच्या नेट कॅफेत गेली. अडुसष्टाव्या वर्षी एका बोटानं अक्षरं शोधत ती तिथल्या कर-कचेरीच्या पानापर्यंत पोहोचली. "परेशान नक्को हो अम्मा, कंप्यूटर काटता नहीं," असं अनिल म्हणाला, ते तिनं मला हसत हसत सांगितलं. घराचा नंबर टाकल्यावर पडद्यावर मालकाचं नाव आलं होतं. उषा पाटणकर. तिचं माहेरचं नाव. भावानं तिला कधी सरोज म्हटलंच नव्हतं.

अडचण तिथेच झाली. परदेशी पैसे भरायला कार्ड खुलं करून घ्यावं लागतं. बँकेतला माणूस म्हणाला, "घर उषाबाईंचं, खातं सरोजबाईंचं. दोघी एकच आहेत याचा पुरावा आणा. लग्नपत्रिका, नाहीतर लग्नाला हजर असलेल्या कुणाचं प्रतिज्ञापत्र आणि त्या वेळचं काही लेखी."

पत्रिका उरली नव्हती. लग्नाला हजर असलेली मी एकटी उरले होते.

"वहिनी, तुम्ही तर रोज लिहिता. माझ्या लग्नाचं असेलच ना?"

"बघते. पन्नास वर्षांच्या वह्या आहेत बाई."

माझ्या वह्या पेटीत सालवार लावलेल्या असतात. त्या दिवशी ती खाली गेल्यावर मला नोंद दहा मिनिटांत सापडली. "दिगंबरभावजींचं लग्न. मुलगी उषा पाटणकर. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सरोज. मुलगी ताटाकडे बघतच राहिली." मी वही मिटली आणि परत पेटीत ठेवली.

सरोज रोज विचारायची. मी रोज सांगायचे, अजून नाही. अकरा दिवस असेच गेले. माझ्या सहीनं माझं घर गेलं होतं. आता माझ्याच सहीनं हिला मिळणार, हे मला सोसवत नव्हतं.

बाराव्या दिवशी ती कोरा कागद घेऊन वर आली. "जाऊ द्या वहिनी. मुकुंदाचं घर मुकुंदाबरोबर गेलं. त्या शेजारच्या बाईंना इंग्रजीत लिहा, की आतलं सामान हवं ते घ्या. मी, उषा पाटणकर, त्या घरावर काही हक्क सांगत नाही."

मला आधी बरं वाटलं. तेही लिहून ठेवते. मी पेन उघडलं, तारीख घातली, 'आय, उषा' लिहिलं. पुढचे शब्द मला पाठ होते. नागपूरच्या कागदावर माझ्या नावापुढे तेच होते. ते दुसऱ्या बाईच्या नावानं लिहायला हात उचलेना.

मी उठले, पेटीतून वही काढली आणि पान उघडून तिच्यापुढे ठेवली.

तिनं वाचलं. "कधी सापडली?"

"पहिल्याच दिवशी."

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. तुमची वही तुम्हाला सापडत नाही, असं कधी झालंय? म्हटलं, आज देतील, उद्या देतील."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? भाग पाडून घेतलेली सही मला नको होती."

दुसऱ्या दिवशी आबिड्सला नोटरीपुढे मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. बँकेनं आठवडा लावला. तेरा जुलैला अनिलच्या कॅफेत तिनं एका बोटानं कार्डाचा नंबर टाकला, आणि पैसे भरल्याची पावती छापून आली. मी शेजारी बसले होते. पडद्यावरचं इंग्रजी ती स्वतःच जुळवून वाचत होती. मला तिनं काही विचारलं नाही.

आता वर्षातून दोनदा ती एकटीच जाऊन कर भरून येते. चहा अजून आम्ही बरोबर घेतो, ती हसते, मुलीच्या गोष्टी सांगते. इंग्रजी कागद मात्र तिनं पुन्हा माझ्याकडे आणलेला नाही. कर भरायच्या दिवशी ती रिक्षातून उतरते, तेव्हा मी गॅलरीत असते. पावती तिच्या पिशवीत असते, हे मला माहीत असतं. ती मान वर करून विचारते, "जेवलात का वहिनी?" आणि खाली आपल्या खोलीत जाते.